आठवं रीळ

ग्रंथपालांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण आलेल्या पत्राला उत्तर न देणं त्यांना अजूनही चोरी केल्यासारखं वाटे. नोकरीत असताना त्यांनी कोणाकोणाला म्हणून उत्तरं लिहिली नव्हती! पुस्तकाची पानं फाडून वर ‘पानं आधीपासूनच नव्हती’ असं ठणकावणाऱ्या सभासदाला त्यांनी दोन पानी सभ्य उत्तर धाडलं होतं. वाढदिवसाच्या छापील शुभेच्छांनासुद्धा ते हाताने आभार लिहीत. अशा या माणसाने एका पत्राला मात्र एकतीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं.

ते पत्र त्यांच्या कपाटात, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं. पत्र दिसू नये म्हणून ते हा खंड उघडतच नसत. त्या खंडातला एखादा शब्द अडला, तर दुसरा शब्द वापरून वेळ मारून नेत. लोक त्यांच्या शैलीला संयत म्हणायचे.

पत्र एका पळून आलेल्या बाईचं होतं आणि ते एका पळून गेलेल्या बाईच्या चित्रपटाबद्दल होतं.

ग्रंथपाल ज्या फिल्म सोसायटीचे सदस्य होते, तिथे महिन्यातून एकदा परदेशी चित्रपट दाखवत. चित्रपट जितका काळवंडलेला, तितके सभासद खूश होऊन घरी जात. कोणी हसवणारा चित्रपट सुचवला तर कार्यकारिणीत तोंडं अशी व्हायची, जशी काही कोणी चप्पल घालून देवघरात शिरलंय. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांना दुखवून संध्याकाळी ते स्वतः दुखवून घ्यायला येत, आणि प्रत्येक चित्रपटानंतर डोळे मिटून म्हणत, “अस्वस्थ केलं!” ही त्यांची सर्वोच्च पावती.

त्या वर्षी आलेल्या चित्रपटाने अस्वस्थतेची कमाल केली. तुरुंगाच्या गाडीतून निसटलेली एक बाई दुसऱ्याच एका मेलेल्या बाईचे कागद घेऊन नवं आयुष्य शोधत फिरते. चिखल, भूक, पाठीवर पोलीस. चित्रपटभर ती एकूण अकरा दारं ठोठावते आणि अकराही उघडत नाहीत. शेवटी ती नदीच्या काठावर उभी राहते, बूट काढते, पाण्याकडे बघते. आणि पडदा एकदम पांढरा.

सभागृहात दिवे लागले. ना ‘समाप्त’ची पाटी, ना संगीत. मग अध्यक्ष उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले, आणि पाठोपाठ अख्खं सभागृह उभं राहिलं. काय हा संयम! दिग्दर्शकाने तिला मरतानासुद्धा दाखवलं नाही! तिसऱ्या रांगेतली एक प्राध्यापिका तर रडत रडत टाळ्या वाजवत होती.

ग्रंथपाल घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका बैठकीत लेख लिहून मोकळे झाले. लाजाळू माणूस कागदावर किती शूर होतो याचा तो लेख नमुना होता. त्यातलं एक वाक्य पुढे फार गाजलं: ‘त्या नदीवाचून तिला दुसरं घर नव्हतं.’ लेख त्याच दिवशी वृत्तपत्राच्या पुरवणीकडे गेला. पुढच्या रविवारी छापून येणार होता.

मधल्या गुरुवारी सोसायटीच्या ऑपरेटरने त्यांना प्रोजेक्टरच्या खोलीत बोलावून घेतलं. खोलीत अध्यक्षही होते. ऑपरेटर टेबलाशेजारी उकिडवा बसला होता आणि त्याच्या पुढ्यात एक चपटा गोल डबा होता.

“साहेब, घोळ झालाय,” तो म्हणाला. “डबे दोनदा आले होते. एक आदल्या दिवशी सुटा आला, बाकीचे सात दुसऱ्या दिवशी. हा सुटा कोणीतरी टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. मी सात मोजले, सात लावले. आज टेबल हलवलं तेव्हा दिसलं.”

“म्हणजे?” ग्रंथपालांनी विचारलं.

“म्हणजे आठवं रीळ राहिलं. तरी मी म्हणत होतो, सिनेमा असा मध्येच कसा मेला.”

तिघांनी मिळून आठवं रीळ पाहिलं. बाई पाण्याकडे बघत असते. मग ती पाय धुते. चिखलाने भरलेले पाय ती सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, नीट धुते, बूट हातात घेते आणि वर चढून येते. बारावं दार ठोठावते. आतली म्हातारी म्हणते, खोली आहे, पण खिडकी लागत नाही. यावर ही बाई, जिला सात रिळं कोणी उभं केलं नव्हतं, ती चक्क हुज्जत घालते: खिडकी दुरुस्त करून द्या, तरच राहते! मग ती एका खानावळीत भांडी घासते. शेवटच्या दृश्यात ती झोपली आहे. तोंड उघडं. आणि घोरते आहे. बराच वेळ घोरते. त्या घोरण्यावर ‘समाप्त’ची पाटी येते.

ऑपरेटर मनापासून हसला. “बरी झोपली बिचारी!”

अध्यक्षांनी त्याच्याकडे किडलेल्या दाढेकडे बघावं तसं पाहिलं. “घोरणं?” ते म्हणाले. “घोरण्यावर कुठे चित्रपट संपतो?”

“संपलाय खरा,” ग्रंथपाल पुटपुटले. “माझा लेख रविवारी छापून येतोय. फोन करून थांबवतो.”

“आणि काय सांगणार? की दोनशे सुशिक्षित माणसांनी टेबलाखालच्या डब्याला उभं राहून टाळ्या वाजवल्या? अहो, आपण पाहिला तोच चित्रपट थोर आहे. हे शेपूट निर्मात्याने मागाहून चिकटवलेलं असणार. गल्ल्यासाठी. तुम्ही स्वस्थ बसा.”

स्वस्थ बसणं हे ग्रंथपालांना जन्मजात जमणारं काम होतं. ते बसले. लेख छापून आला, लोकांनी फोन करून त्यांची वाहवा केली. आणि मंगळवारी ते पत्र आलं.

‘मी कॉलर शिवते, कारखान्यात,’ असं त्यात लिहिलं होतं. ‘बायकांच्या वसतिगृहात राहते. तिथे तुमच्या सिनेमाचे दोन पास आले होते म्हणून मी आणि माझी खोलीतली मैत्रीण आलो. मला सिनेमातलं फार कळत नाही. शेवटी ती नदीवर उभी राहिली आणि दिवे लागले. मला वाटलं, ती विचार करते आहे. तुम्ही लिहिलंय की ती मेली, तिला दुसरं घर नव्हतं. तुम्ही अभ्यास केला असणार. मीही नवऱ्याच्या घरातून निघून आले आहे, चार महिने झाले. येत्या रविवारी भाऊ मला परत न्यायला येतोय. तो म्हणतो, बाहेर तुझं काय होणार? तर कृपा करून एवढंच कळवा. ती खरंच मेली का? तुम्ही माहीत असून लिहिलंय की अंदाजाने? रविवारच्या आत कळवलंत तर उपकार होतील.’ खाली नाव आणि पत्ता.

उत्तर अवघ्या तीन शब्दांचं होतं: ती मेली नाही. ग्रंथपालांनी त्याचे नऊ मसुदे केले. पहिल्यात नुसतीच दिलगिरी होती. दुसऱ्यात सोसायटीची बदनामी होऊ नये म्हणून आठवं रीळ गाळलं होतं, त्यामुळे सांगण्यासारखं काही उरलंच नाही. चौथ्यात चित्रपट आणि जीवन यांतला फरक सव्वा पानात समजावला होता. सहाव्याला तळटीपा होत्या. आपण परक्या बाईला सल्ला देणारे कोण, नवऱ्याच्या घरी परत जाऊ नका असा त्याचा अर्थ निघाला तर, तिच्या भावाने येऊन कॉलर धरली तर, अशी एकेक शंका एकेक कागद खात गेली. शनिवारी दुपारी नववा मसुदा पाकिटात घालून, तिकीट लावून ते पेटीपर्यंत गेले. तिथे त्यांना वाटलं, हे रविवारच्या आत कसं पोचणार? आता उपयोग काय? आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. पाकीट खिशात घालून ते घरी आले आणि जेवले. चवीने जेवले. ती चव त्यांना पुढे एकतीस वर्षं छळत राहिली.

कारण बाई परत गेली असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. परत गेली, आणि तिथे तिचं काहीतरी भयंकर झालं. कधी ती विहिरीत असे, कधी बंद खोलीत. त्यांच्या कल्पनेत ती नेहमी काळ्या-पांढऱ्या रंगात आणि बाजूने प्रकाश पडलेली असायची. त्या वसतिगृहावरून जाणारी बस त्यांनी सोडून दिली होती. घरापासून ते जेमतेम दीड मैलावर होतं.

आता सोसायटीला पन्नास वर्षं होत होती. ऑपरेटर वारला होता. दातांचे डॉक्टर अजून अध्यक्ष होते. दात मात्र स्वतःचे राहिले नव्हते. स्मरणिका निघायची होती आणि तिच्या पहिल्या पानावर अर्थातच तो लेख पुन्हा यायचा होता. ग्रंथपालांच्या हातात मुद्रितं पडली आणि त्यांची नजर त्या वाक्यावर गेली. नदीवाचून दुसरं घर नव्हतं. एकदा चुकून मारलेल्या बाईला आता आपण समजून उमजून दुसऱ्यांदा मारतोय, असं त्यांना वाटलं.

कार्यकारिणीच्या सभेत ते उभे राहिले. हे इतकं अघटित होतं की सगळ्यांना वाटलं, त्यांना बाथरूमला जायचंय.

“मला... लेखाबद्दल सांगायचं होतं,” ते म्हणाले. “ती बाई मरत नाही. एक आठवं रीळ होतं. आपण ते दाखवलंच नाही. ते टेबलाखाली राहिलं.”

अध्यक्षांनी कवळी जिभेने जागेवर बसवली. एवढ्यात प्राध्यापिका, जी आता निवृत्त आणि उपाध्यक्ष होती, हळूच म्हणाली, “टेबलाखाली! वा!”

“काय?” ग्रंथपाल गोंधळले.

“आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक आठवं रीळ असतं. आणि ते टेबलाखालीच राहतं. किती साधेपणाने सांगितलंत!”

“नाही हो, खरंच डबा होता. चपटा. गोल.”

“चपटा, गोल!” खजिनदार म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “हेच भाषणात बोला.”

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात अध्यक्षांनी वाजवल्या.

ग्रंथपाल घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, ताई, अशी दोनच माणसं होती. ताईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं आणि माणसांकडेही ती चुकलेलं गणित बघावं तशी बघायची.

“काय झालं? टाळ्या वाजवल्या की काय?”

“तुला कसं कळलं?”

“शिव्या घातल्या असत्या तर एवढा पडला नसतास.”

त्यांनी सगळं सांगितलं. रीळ, लेख, पत्र. ताई वाटाणे सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

“ते शब्दकोशातलं पत्र ना?”

“तू वाचलंस?”

“या घरातली पुस्तकं झटकतं कोण? दर वर्षी मी तो खंड झटकते, पत्र पडतं, मी परत ठेवते. म्हटलं, बघू हा बाबा कधी तोंड उघडतो.”

“मग बोलली का नाहीस?”

“पत्र तुला आलं होतं, मला नाही.” तिने एक टरफल बाजूला टाकलं. “तुझं काय अडलंय आता?”

“ती मेली असेल, ताई.”

“तू पाहिलीस मरताना?”

“नाही.”

“तेव्हाही पाहिली नव्हतीस, पण लिहून मोकळा झालास. अरे, तुम्हा लोकांना बाई घराबाहेर पडली की नदीच कशी दिसते रे? मधे बसस्टॉप लागत नाही का कुठे? पत्ता आहे ना? जा आणि विचार. आणि जाताना तोंड धू, मयताला निघाल्यासारखा दिसतोयस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल एकतीस वर्षांनी त्या बसमध्ये बसले. वसतिगृहाला नवा रंग दिला होता, दाराशी सायकली उभ्या होत्या. ऑफिसात वॉर्डन चष्म्यावरून हिशेबाच्या वहीत बघत होती. साठीच्या आसपासची, आडव्या बांध्याची बाई.

“कोणाला भेटायचंय? पुरुष माणसांना आत सोडत नाही.”

“मला... एक बाई... फार वर्षांपूर्वी इथे राहायच्या. कॉलर शिवायच्या.” त्यांनी पत्र पुढे केलं. घडीवर ते इतकं विरलं होतं की त्यांनी ते दोन्ही तळव्यांवर धरलं.

वॉर्डनने अक्षर पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा अक्षराकडे.

“अगं बाई,” ती म्हणाली. “नदीवाले तुम्ही?”

ग्रंथपालांना खुर्ची सापडेना. ती तिनेच पुढे ढकलली.

“हे पत्र मी टाकलंय पेटीत, या हाताने. आम्ही एका खोलीत राहायचो. तो सिनेमा आम्ही दोघी मिळून पाहिला. मला तर झोप लागली होती.” ती पुढे वाकली. “तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

“नाही.”

“का?”

नऊ मसुदे त्यांच्या ओठांशी आले आणि तिथेच अडले. “भ्यालो,” ते म्हणाले. आणि मग, जे विचारायला एकतीस वर्षं लागली ते विचारलं. “त्या परत गेल्या का?”

“कोण, ती?” वॉर्डन मोठ्याने हसली. “रविवारी भाऊ खाली येऊन उभा. हिची ट्रंक भरलेली. मी म्हटलं, काय करतेस? तर ही ट्रंकेवर बसली आणि म्हणाली, एवढा मोठा लेख लिहिणारा माणूस, त्याला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत. म्हणजे त्यालाही माहीत नाही ती मेली का ते. उगाच ठोकून दिलंय. मग ज्याला काही ठाऊक नाही त्याच्या सांगण्यावरून मी का जाऊ? आणि भावाला म्हणाली, दादा, तू चहा पी आणि जा.”

ग्रंथपालांच्या छातीवरून काहीतरी उतरलं, आणि जाता जाता त्यांच्या पायावर पडलं. एकतीस वर्षं ते एका शोकांतिकेचे खलनायक म्हणून जगले होते. त्यात त्यांना कुठेतरी मानही वाटत होता. आणि या कथेत त्यांचं काम काय, तर एका अडाणी लेखकाचं!

“म्हणजे मी उत्तर दिलं नाही ते एका अर्थी...”

“बरं झालं, असं म्हणू नका हं,” वॉर्डनचा आवाज एकदम बदलला. “सहा दिवस ती धड जेवली नाही. पोस्टमन आला की जिन्यावरून धावायची. कारखान्यात मशीनची सुई बोटात घुसवून घेतली. बरं झालं म्हणे!”

“नाही म्हणत,” ग्रंथपाल म्हणाले.

“आता दुसऱ्या गावी असते. स्वतःचं शिवणाचं दुकान आहे, तीन मशिनी आहेत, गुडघे गेलेत. फोनवर अर्धा तास गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकवते. पण अजून कधीतरी मध्येच विचारते, काय गं, ती बाई मेली का शेवटी? मी म्हणते, मला झोप लागली होती, मला काय विचारतेस.”

ती कागदावर पत्ता लिहू लागली. लिहिता लिहिता थांबली. “तो लेख कुठे परत छापायला तर देत नाही ना?”

ग्रंथपालांनी मान खाली घातली. वॉर्डनने टेबलावरचा फोन उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. तिच्यासमोर ‘नंतर करतो’ म्हणण्याची त्यांची छाती झाली नाही.

“डॉक्टर,” ते फोनवर म्हणाले, “माझा लेख छापायचा नाही.”

“अहो, काय बोलताय! पहिलं पान आहे!”

“मग आठव्या रिळाची हकीकत छापा. मी लिहून देतो. ऑपरेटरच्या, तुमच्या, माझ्या नावासकट. नाहीतर पान कोरं ठेवा.”

पलीकडे अध्यक्षांना भरून आलं. “कोरं पान,” ते म्हणाले. “वर फक्त तुमचं नाव आणि खाली काहीच नाही! अहो... अस्वस्थ केलंत!”

ग्रंथपालांनी रिसीव्हर ठेवला. या माणसांपुढे खरं बोलण्याची काही सोय नव्हती. त्यांना ते आवडून जायचं.

ते पोस्टात गेले. खिडकीवर एक पोस्टकार्ड घेतलं. पाकीट घेतलं असतं तर आत लपायला जागा झाली असती. कच्चं लिहायला कागद नव्हता, चष्म्यावर धूळ होती, आणि दोरीने बांधलेलं पेन इतकं आखूड की वाकूनच लिहावं लागत होतं. त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं:

‘तुमच्या पत्राचं उत्तर. ती मेली नाही. मी पूर्ण न पाहता लिहिलं, आणि पाहिल्यावरही खोडलं नाही. तुम्ही जिन्यावर वाट पाहत होतात तेव्हा मला सगळं माहीत होतं. क्षमा मागायचा हक्क नाही, तरी मागतो. शेवटी काय होतं ते सांगतो. ती पाय धुते आणि नदीवरून परत येते. बारावं दार उघडतं. ती खिडकीवरून म्हातारीशी भांडते, खोली घेते, भांडी घासायच्या कामाला लागते. मग झोपते. घोरते. तिथे सिनेमा संपतो. तुम्हाला वाटलं होतं की ती विचार करते आहे. तुमचं बरोबर होतं.’

सही करायला कोपरा उरला होता, त्यात नाव जेमतेम मावलं. खिडकीवरच्या कारकुनाने कार्ड उलटून पत्ता बघितला, मग रिवाजाप्रमाणे मजकूरही वाचला, आणि म्हणाला, “आजोबा, खिडकीचं काय झालं? दुरुस्त करून दिली का?”

“दिली,” ग्रंथपाल म्हणाले. आणि कार्ड त्याच्या हातातून परत घेऊन, आणखी काही सुचायच्या आत, त्यांनी ते स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं.